दप्तरात नसलेलं परस

शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीला, म्हणजे १६०८ साली, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांबेत सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढे तो समर्थ रामदास झाला आणि गावाच्या नावाला ‘समर्थ’ कायमचं जोडलं गेलं. या घराण्याबद्दलची एक साधी गोष्ट चरित्रकार ओझरती सांगून पुढे जातात. ठोसरांकडे गावचं कुळकर्ण होतं. कुळकर्ण म्हणजे गावाचं लिहिणं : जमीन कोणाची, किती, जिरायत की बागायत, तीत काय पेरलं, सारा किती, वसूल किती आणि बाकी किती. गेल्या चार शतकांतलं आपलं गाव आपल्याला कळतं ते बहुतांशी अशाच लिहिण्यातून. आधी मोडीत, मग निजामाच्या अमलात उर्दूत, मग तलाठ्याच्या मराठीत. या सगळ्या लिहिण्याची नजर घराच्या पुढच्या दारातून निघते आणि थेट रानात जाते. मागच्या दाराबाहेर तिला काही दिसत नाही. तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू असतं, एखादा शेवगा असतो, कुडावर चढलेला वेल, कोपऱ्यात उकिरडा आणि भिंतीला टेकून खुराडं असतं. माझं म्हणणं असं आहे, की कोरडवाहू गावातल्या लहान शेतकऱ्याच्या घरी फाल्गुन ते वैशाख हे तीन महिने या मागच्या जागेचे होते. परसातली शेती ही रानातल्या शेतीची शेपटी नव्हती. तिचा हंगाम वेगळा, भांडवल वेगळं आणि धनीही वेगळा होता. बहुतेक घरांत तो धनी म्हणजे बाई. दप्तर लिहिणाऱ्यांनी पहिली शेती नोंदवली आणि आपण त्या नोंदीलाच सगळ्या शेतीचा इतिहास समजत आलो.

वसंत म्हटला की लेखकाच्या हाती आंब्याचा मोहोर आणि कोकिळा आपसूक येते. गोदावरीच्या उत्तरेकडच्या या पठारी पट्ट्यात त्या वर्णनाचा फार उपयोग होत नाही. इथला पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आटपणारा. खरिपाची कापूस-तूर निघाली, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ज्वारी-हरभरा आला, होळीच्या आगेमागे खळं झालं, की रान उघडं पडतं ते मृगापर्यंत. सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच सुरू होतं, त्यामागचं कारण हेच. लग्नं, जत्रा, सोयरिकी, रामनवमीचा उत्सव हे सगळं या काळात बसवलेलं असतं, कारण रानाला माणसांची गरज नसते. दप्तराच्या दृष्टीनं हा रिकामा काळ. पीकपाहणी झालेली, वसुलीचे हप्ते भरत आलेले, आता लिहायचं काय?

पण याच दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते. वर्षाची ज्वारी ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायची असते. तूर भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून डाळ करायची असते. कुरडया, शेवया, पापड, खारोड्या, सांडगे, गवारीच्या आणि वांग्याच्या उसऱ्या, वाळवलेली हरभऱ्याची भाजी हे सगळं चैत्राच्या उन्हातच व्हावं लागतं. वैशाखात वळवाचा भरवसा नसतो आणि मृगानंतर ऊनच नसतं. मिरच्या खुडायच्या, चिंचा फोडायच्या, पाटाच्या कडेचा लसूण उपटून त्याच्या जुड्या आढ्याला टांगायच्या. वाफ्यात मुद्दाम सोडून दिलेला एक दोडका, एक भोपळा, दोन वांगी आता झाडावरच वाळलेली असतात. त्यांचं बी काढून, राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेलांची आळी घालायची. त्या मुहूर्ताचा अर्थ धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा परसात शोधलेला बरा. भर उन्हाळ्यात, पावसाला महिनाभर अवकाश असताना बी मातीत जातं, ते न्हाणीच्या पाण्यावर जगेल एवढंच असतं. मृग लागेपर्यंत वेल हातभर वर आलेला असला, तर श्रावणात घरची भाजी सुरू होते, आणि आषाढ-श्रावण हे गरीब घराचे सगळ्यांत तंगीचे महिने. म्हणजे रान झोपलेलं असताना परस पुढच्या तंगीची पेरणी करत असतं. ज्या काळात रानात एकही पीक उभं नाही त्याच काळात हे सगळं घडतं, हा योगायोग मानता येत नाही. एकाच घरातल्या दोन शेतींनी वर्षाची वाटणी करून घेतली होती.

कोंबडीचं वेळापत्रकही याच वाटणीत बसतं, आणि ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग ती अंडी देत नाही, अंग फुगवून बसून राहते, जवळ गेलेल्या हाताला टोचते. तिला कधी बसवायचं हे बाई ठरवते. पावसाळ्यात निघालेली पिल्लं चिखलानं आणि गारठ्यानं मरतात. वैशाखात बसवावं तर अंडीच टिकत नाहीत : कोठीतल्या उन्हाच्या कढानं गर्भ अवेळी वाढायला लागतो आणि अर्ध्यावर मरतो. उरतात माघ-फाल्गुनापासून चैत्राच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस. एखाद्या जुन्या पाटीत भुसा किंवा राख, वर कडुनिंबाचा पाला, त्यात अंडी, शेजारी लोखंडाचा तुकडा. गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. आठवड्याभरानं एकेक अंडं उन्हाकडे धरून बघायचं. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, कोरं दिसलं तर त्याच दिवशी तव्यावर. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात, तेव्हा खळं झालेलं असतं, जमिनीवर दाणे सांडलेले असतात आणि मशागतीआधी शेतात न्यायचा म्हणून उकिरडा उपसायला घेतलेला असतो. कोंबडी त्या उपसलेल्या खतात पाय मारते आणि पिल्लांना किडे दाखवते. दिवसा घारीची आणि मुंगसाची भीती, म्हणून डालग्याखाली झाकायचं. संध्याकाळी मोजून खुराड्यात. मृगापर्यंत पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होतात आणि पावसाला तोंड देतात. हे गणित कुठल्याही कृषी पुस्तिकेत न वाचता बसवलेलं आहे. एक विरोधही त्यात आहे, जो सगळ्या घरांना ठाऊक असतो. बाजेवर पसरलेलं वाळवण आणि पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी एकाच अंगणात एकाच महिन्यात असतात, आणि त्यांच्यामध्ये काठी घेऊन बसवलेलं एक पोर असतं.

खळ्याचा आणि कोंबडीचा हा संबंध जुना असावा, याला अलीकडे एक अनपेक्षित आधार मिळाला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची हाडं सर्वांत जुनी खात्रीलायक पाळीव कोंबडीची ठरली. काळ इसवीसनपूर्व सुमारे १६५० ते १२५०. रानकोंबडं माणसाजवळ आलं ते कोरडवाहू भात आणि भरडधान्याच्या शेतीमुळे, शेताशी आणि साठवणीशी सांडलेल्या दाण्याच्या मागे, असं या संशोधकांचं म्हणणं. आपल्या भागाचाही त्यात वाटा आहे. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण आला तो सह्याद्रीत आणि दक्षिणेत सापडणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून, हे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. अर्थात यावरून जांबेत कोंबड्या कधी आल्या हे सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की ज्वारी-बाजरी पिकवणारं, कापून खळं करणारं गाव हे कोंबडीचं नैसर्गिक घर आहे, आणि गोदावरीच्या खोऱ्यात अशी गावं फार जुनी आहेत. वर पैठणला सातवाहनांच्या नावावर जी ‘गाथासप्तशती’ आहे तिच्यात नांगरकरी, गावपाटलाची मुलगी, तागाचं आणि कापसाचं शेत आणि फाल्गुनातला चिखलफेकीचा सण आहे. राजवाडा तिच्यात शोधावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गावाच्या नावातूनच येतो. जांब हे रामजन्माचा उत्सव करणारं, मठ-मंदिराचं गाव. तिथल्या इतिहासात कोंबडी कशाला? ठोसरांच्या घरी ती नसणार, माळकऱ्याच्या घरीही बहुधा नसणार. हे खरं आहे, आणि परसाची शेती जातीनुसार वेगवेगळी होती हे मान्य केल्याशिवाय तिचा इतिहास लिहिता येणार नाही. ब्राह्मणाच्या परसात तुळस, कर्दळ, केळ आणि गाय. कुणब्याच्या परसात माळवं आणि म्हैस, आणि माळ नसेल तर कोंबड्या. महार-मांगवाड्यात, मुसलमानांच्या मोहल्ल्यात, धनगरांच्या वस्तीवर कोंबड्या आणि शेळ्या, कारण ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा नाही त्यालाही कोंबडी पाळता येते. पण या वेगळेपणाचा एक जुना पुरावा उलट दिशेनं बोलतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजानं काय खाऊ नये याची जी यादी आहे, तिच्यात अळंबी, गावडुक्कर, लसूण, गावकोंबडी आणि कांदा हे एका श्लोकात शेजारी शेजारी बसलेले आहेत. यादी करणाऱ्यानं नकळत गरिबाच्या परसाची पाहणीच करून ठेवली. रानात पिकणारं गहू-तांदूळ-तीळ यांपैकी त्या श्लोकात काही नाही. बंदी त्याच वस्तूवर येते जी सगळीकडे हाताशी असते, आणि हाताशी होतं ते घरामागे होतं. तेव्हा जांबेच्या मंदिराच्या कागदात कोंबडी नाही यावरून गावात कोंबडी नव्हती असं म्हणता येत नाही. कागद लिहिणाऱ्याला ती निषिद्ध होती, एवढाच त्या मौनाचा अर्थ. ती कागदात आलीच तर बहुधा देण्याच्या बाजूनं येते : अंमलदार मुक्कामाला आला, तेव्हा गावानं लाकूडफाटा, दूध आणि कोंबडी पुरवायची. ही वेठ कोणाच्या खुराड्यातून जात होती हे सांगायला नको.

रामदासांनी स्वतः बागेबद्दल लिहिलं आहे. त्यांच्या ‘बाग प्रकरणा’त काट्याकुंपणाच्या झुडपांपासून फळाफुलांच्या झाडांपर्यंत नावांची अशी रास आहे, की वनस्पतींचा अभ्यासक त्यावर दिवस घालवील. एवढी झाडं नावानिशी ठाऊक असलेला माणूस लहानपणी परसात आणि बांधावर हिंडलेला असणार, असं मानायचा मोह होतो. पण ती रचना बागेची आहे, परसाची नाही. बाग देवळाला शोभा आणते, सावली देते, पुण्य देते. तिला मळेकरी लागतो, मोट लागते, कुंपण लागतं. परसाला यातलं काही लागत नाही आणि म्हणून त्याच्यावर कोणी प्रकरण लिहीत नाही. मराठी साहित्यातही हा भेद बराच काळ टिकला आहे. मळ्याचं वर्णन पुष्कळ आहे. न्हाणीमागच्या अळवाचं वर्णन शोधायला गेलं तर जात्यावरच्या ओव्यांकडेच जावं लागतं. जी परस राखत होती तीच दळत होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात प्यायला पाणी नसतं, तिथे बाग कसली? तर परसाचा सगळा हिशेबच वापरलेल्या पाण्याचा होता. बाई डोक्यावरून आणलेल्या घागरीतलं पाणी आधी भांड्याला, मग हातपाय धुवायला, मग म्हशीला आणि शेवटी अळ्याला असं फिरवत असे. पाच-सहा माणसांच्या घरातून रोज जे सांडपाणी निघतं त्यावर दोन-चार वेल, एक कढीपत्ता आणि पुदिन्याचा हातभर वाफा निघतो. एकर निघत नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही नव्हती. ज्याच्याकडे विहीर आणि मोट होती त्याचं माळवं थारोळ्याच्या खाली आणि पाटाच्या दोन्ही कडांना असे. मेथी, चुका, शेपू, कांदापात ही पिकं पाटाच्या ओलीवर, जणू उसाच्या पाण्यातून चोरून वाढत. पुढे विहिरींवर इंजिनं आणि मग विजेचे पंप बसले. मोटेबरोबर थारोळं गेलं, नंतर पाटाच्या जागी नळ्या आल्या, आणि पाटाची कड नाहीशी झाली तशी त्या कडेवरची भाजीही गेली. पाणी वाढल्यानं माळवं कमी झालं, असं विचित्र विधान यातून निघतं, पण ते खरं आहे.

दप्तराच्या आंधळेपणाचा मुद्दा मी वर मांडला. तो निव्वळ जुन्या काळाचा नाही. दिवाण पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत १८६५ च्या सुमारास निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी झाली, मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि रयतवारी बंदोबस्त आला. जांब तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात. मोजणीनं रानाचा प्रत्येक तुकडा नंबर देऊन बांधला आणि गावठाण एका रेषेनं बाहेर ठेवलं. शेतसारा त्यावर नव्हता, म्हणून आत काय आहे हे विचारायचं कारण नव्हतं. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्यात जी पाहणी झाली, तिचा १९५४ चा खासरा मराठवाड्यात आजही जमिनीच्या भांडणात कोर्टापुढे येतो. त्यातही सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक, मालक आणि कब्जेदारच आहेत. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला, पुढे घनसावंगी तालुका झाला, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप शेतकऱ्याच्या हातात आलं. रेषा मात्र तीच राहिली. राष्ट्रीय नमुना पाहणीत तर हा प्रकार फारच स्पष्ट दिसतो. घरकाम करणारी बाई ‘कामगार’ धरली जात नाही. पण २०११-१२ च्या फेरीपर्यंत तिलाच पुढे वेगळे प्रश्न विचारले जात होते : परसबाग राखता का, घरच्या कोंबड्या पाळता का, घरचं दूधदुभतं बघता का. उत्तर ‘हो’ आलं तरी तिचा रकाना बदलत नव्हता. सरकारला हे काम माहीत होतं, तरीही त्याची गणना काम म्हणून झाली नाही.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्र्याचा. चार कोंबड्या आणि दोन वेल म्हणजे उत्पन्न किती? एका कापसाच्या वेचणीपुढे ते काहीच नाही. बेरजेनं बघितलं तर हे बरोबर आहे. पण कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, आल्या दिवशी सावकाराकडे किंवा दुकानदाराकडे जातात, आणि ते पुरुषाच्या हातात येतात. अंड्याचे पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी येतात आणि मीठ, काडेपेटी, पोराची वही यांवर जातात. कोंबडी हा असा ऐवज आहे की तो विकायला नवऱ्याची सही लागत नाही. शिवाय परसाचं महत्त्व चांगल्या वर्षात मोजायचं नसतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली, अमेरिकेची मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन जगली. तेव्हा परसही वाळलंच होतं, हे मान्य करायला हवं; दाणा नसताना कोंबड्याही आधी विकल्या किंवा खाल्ल्या जातात. परसानं दुष्काळ टळत नाही. त्यानं दुष्काळानंतरचं घर पुन्हा उभं राहतं, आणि तेही फार थोड्या भांडवलात. बैलजोडी घ्यायला कर्ज लागतं. एक तलंग शेजारणीकडून वाट्यानं आणता येते, आणि भोपळ्याचं बी तर मागितलं की मिळतं.

बियाच्या या देवघेवीचं खरं मोल जालन्यानंच जगाला दाखवलं, जरा वेगळ्या रीतीनं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको स्थापन केली, पण त्यांची सुरुवात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. भेंडी त्या काळी पिवळ्या शिरांच्या रोगानं जात असे, आणि हे वाण त्याला दाद देत नव्हतं. पुढे संकरित ज्वारी, बाजरी, कापूस आला, जालना बियाण्यांची राजधानी म्हणवलं जाऊ लागलं, आणि १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका भाजीच्या बियापासून ही इमारत उभी राहिली हे विसरता कामा नये. परसातल्या बियाला किंमत नव्हती असं नाही. ती किंमत आकारायची रीत परसाकडे नव्हती. गाडग्यातलं बी देताना कोणी पैसे घेत नसे. पाकीट आल्यावर दर आला, उत्पन्न वाढलं, रोग हटले. मात्र संकरित भेंडीचं बी राखून पुढच्या वर्षी पेरावं तर पीक सारखं येत नाही, म्हणून वैशाखातलं एक काम गळालं आणि त्याबरोबर ते काम ठाऊक असणारी बाईही निरुपयोगी ठरली. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. दोन पिढ्यांपूर्वी हे काम करणारी बाई प्रत्येक गल्लीत होती.

मी बाईचं धनीपण जरा जास्तच सांगतो आहे, असं वाटू शकेल. परसाला ‘तिची शेती’ म्हणणं म्हणजे तिच्या फुकटच्या कष्टांना गोड नाव देणं, असा टोला स्त्रीवादी अभ्यासक मारतील, आणि तो लागेल. दिवस उजाडण्याआधी पाणी, दुपारी रान आणि तिन्हीसांजेला खुराडं, याला मालकी म्हणायचं का? या प्रश्नाला महाराष्ट्रात एका माणसानं सरळ हात घातला होता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन घेतलं, १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावली, आणि १९९१ मध्ये शेगावला चार प्रकारच्या शेतीची मांडणी केली, तिच्यात ‘सीताशेती’ आणि ‘माजघरशेती’ होती. सीताशेती म्हणजे बाईनं स्वतःच्या तुकड्यावर, विकतची औषधं-खतं न घालता घरासाठी केलेली शेती. माजघरशेती म्हणजे घरातच मालावर केलेली प्रक्रिया, वाळवणं-लोणच्यांपासून पुढे. त्यांनी यात नवीन काही शोधलं नव्हतं. फाल्गुन ते वैशाख परसात जे चालतं त्याला त्यांनी जमिनीचा तुकडा आणि कागद द्यायचं ठरवलं. मला वाटतं आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. परसात कष्ट फुकट होते हे खरं, आणि निर्णय तिचा होता हेही खरं. कोणती कोंबडी बसवायची, कोणतं फळ बियाला सोडायचं, कोणाला बी द्यायचं, हे तिला कोणाला विचारून करावं लागत नव्हतं. रानात मात्र काय पेरायचं हे तिला क्वचितच विचारलं जाई. हक्क कागदावर नसला की तो सहज जातो, एवढाच या धनीपणातला कच्चा दुवा होता.

आणि तो गेलाही, पण दुष्काळानं गेला नाही. २४ फेब्रुवारी १९७६ ला जायकवाडीचं लोकार्पण झालं, डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यातून पुढे परभणीकडे गेला, पाण्याच्या टापूत ऊस आला, साखर कारखाने आले. जालन्याच्या मोसंबीनं नाव कमावलं, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मोसंबीचा आंबे बहार जानेवारीच्या सुमारास ताण तोडून धरला जातो, म्हणजे नेमका फाल्गुन-चैत्र हे आता फळधारणेचे आणि टँकरचे दिवस झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागा वाळल्या, तेव्हा लोकांनी पाणी विकत आणून झाडं जगवली किंवा शेवटी तोडली. रानाचा रिकामा हंगाम संपला आणि त्याबरोबर परसाचा राखीव हंगामही. बाईचा वसंत आता बागेत जातो. कोंबडीवर दुसऱ्या बाजूनं घाव बसला. पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांनी सत्तरच्या दशकात उभ्या केलेल्या उद्योगामुळे अंडं स्वस्त झालं, १९८२ पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा भाव रोज ठरू लागला. शहरातल्या आणि खेड्यातल्याही गरिबाच्या पोटात त्यामुळे जास्त अंडी गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गावरान कोंबडीला मानमोडी, म्हणजे राणीखेत, दर दोन-तीन उन्हाळ्यांनी झोडपत असे. या रोगाची लस कित्येक दशकांपासून आहे, पण तिची कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि खुराड्यात पाच असतात.

एवढं होऊनही परसाची ही संस्था मेलेली नाही, असं आकडे सांगतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेली, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. व्यापारी पोल्ट्रीची वाढ त्याच काळात साडेचार टक्के. त्यात सरकारी योजनांतून वाटलेल्या गिरिराज-वनराजासारख्या सुधारित जाती आहेत, ज्या फारशा खुडूक होत नाहीत आणि म्हणून दर वेळी पिल्लं विकतच आणावी लागतात. गावरान अंड्याला शहरात दुप्पट भाव मिळतो, तो मात्र दारात येऊन अंडी नेणारा व्यापारीच घेऊन जातो. गावठाणाची रेषाही अखेर ओलांडली गेली आहे. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली जात आहेत आणि घरोघर मिळकत पत्रिका येते आहे. कुळकर्ण्यांपासून कोणी न लिहिलेलं परस त्या पत्रिकेत पहिल्यांदा चौरस मीटरमध्ये येतं, मोकळी जागा म्हणून. भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात, आवास योजनेचं घरकुल मंजूर झालेलं असतं. घरकुल स्वयंपाकघरासह निदान २५ चौरस मीटरचं, आणि ते नवरा-बायकोच्या जोडनावावर किंवा एकट्या बायकोच्या नावावर, असा नियम आहे. घर पहिल्यांदा तिच्या नावावर होतं, आणि ते बांधायला जी मोकळी जागा निघते ती बहुतेक घरांत मागच्या दाराबाहेरचीच असते.